अरणगावचे दोन इंग्रज

रॉक संगीताच्या इतिहासाची जाडजूड पुस्तकं चाळली की लंडन पानोपानी भेटतं, लिव्हरपूल भेटतं, न्यूयॉर्कला तर स्वतंत्र प्रकरण असतं. आमचं अरणगाव एखाद्या ओळीत उरकलेलं असतं. भारतातले कुणी मौनी गुरू, एवढं म्हणून लेखक पुन्हा गिटारच्या तारांकडे वळतो. वास्तविक १९७० नंतरच्या सात-आठ वर्षांत इंग्लंडातल्या दोन नावाजलेल्या वादकांनी आपल्या गाण्याचा बाज पार बदलून टाकला, आणि दोघांच्याही बदलाचा धागा नगर-दौंड रस्त्यावरच्या या गावापाशी येतो. एक पीट टाउनशेंड, ‘द हू’ या बँडचा गिटारवादक आणि त्यांची बहुतेक गाणी लिहिणारा. दुसरा रॉनी लेन, आधी ‘स्मॉल फेसेस’ आणि मग ‘फेसेस’ या बँडांत बास गिटार वाजवणारा. दोघे दोस्त, दोघेही मेहेरबाबांचे भक्त. तरी एकाच्या गाण्यात यंत्रं शिरली आणि दुसऱ्याच्या गाण्यातून होती-नव्हती ती वायरसुद्धा निघून गेली. हे असं का झालं असावं याचा विचार नगर जिल्ह्यातल्या माणसाने करायला हरकत नाही. असले प्रकार आमच्याकडे यापूर्वीही झाले आहेत.

अरणगावचं मेहेराबाद म्हणजे काय हे नगरकरांनाही बेताचंच ठाऊक असतं. ‘तिकडं फॉरेनर येतात’ इथे आमची माहिती संपते. दौंड-मनमाड रेल्वेमार्गाच्या अलीकडे सपाटीवर खालचं मेहेराबाद आहे. रूळ ओलांडून चढ चढलं की वर टेकडीवर मेहेरबाबांची समाधी. घुमटाच्या चार कोपऱ्यांवर देऊळ, मशीद, क्रूस आणि पारशांचा अग्नी अशी चार चिन्हं आहेत. आतल्या भिंतींवर हेलन डाम या स्विस चित्रकर्तीने १९३८ साली रंगवलेली चित्रं आहेत. आता भोवती झाडी दिसते, पण १९२३ साली मेरवान शेरियार इराणी, म्हणजेच मेहेरबाबा, आपल्या मंडळींना घेऊन इथे आले तेव्हा इंग्रजांच्या लष्कराने सोडून दिलेली ही जागा म्हणजे उघडा माळ होता. मेरवान पुण्याचे, इराणी झरतुष्टी घरातले, डेक्कन कॉलेजात शिकलेले. पुण्यात हजरत बाबाजानांनी त्यांना वेड लावलं आणि साकुरीच्या उपासनी महाराजांनी ते वेड ताळ्यावर आणलं, असं भक्त सांगतात. साकुरी आणि शिर्डी, दोन्ही आमच्याच जिल्ह्यात. १० जुलै १९२५ पासून त्यांनी मौन धरलं ते ३१ जानेवारी १९६९ ला देह ठेवेपर्यंत सोडलं नाही. आधी इंग्रजी अक्षरांच्या पाटीवर बोट फिरवून बोलायचे. १९५४ साली तीही बाजूला ठेवली आणि उरल्या फक्त हातांच्या खुणा.

या न बोलणाऱ्या माणसाला गाण्याचा शौक मात्र दांडगा. कव्वाली आणि गझल तर आवडायचीच, पण कोल पोर्टरचं ‘बिगिन द बिगीन’ आणि जिम रीव्ह्जचं ‘देअर इज अ हार्टेक फॉलोइंग मी’ ही दोन अमेरिकन गाणीही त्यांच्या खास आवडीची. जिम रीव्ह्ज म्हणजे त्या काळी आपल्याकडच्या ख्रिस्ती घरांत ग्रामोफोनवर हमखास वाजणारा मऊ, घरगुती आवाज. एखाद्या अवलियाला दरबारी कानडा आवडला असता तर कुणी भुवई उंचावली नसती. जिम रीव्ह्ज आवडतो म्हटल्यावर माणूस जरा जवळचा वाटतो.

टाउनशेंडने बाबांना प्रत्यक्ष कधीच पाहिलं नाही. १९६७ साली माइक मॅकिनर्नी या चित्रकार मित्राकडून त्याला त्यांचं नाव कळलं. तेव्हा इंग्लंडातली सगळी तरणी पिढी एलएसडीच्या गोळ्यांत देव शोधत होती आणि गोळीत देव नसतो असं सांगणारं मेहेरबाबांचं इंग्रजी पत्रक तिकडे फिरत होतं. टाउनशेंडने ते ऐकलं. ‘द हू’ची तोवरची ख्याती म्हणजे कार्यक्रमाच्या शेवटी गिटार आपटून फोडणे आणि ड्रम लाथाडणे. अशा बँडने मे १९६९ मध्ये ‘टॉमी’ हा दोन तबकड्यांचा अल्बम काढला. त्यातला नायक आंधळा, मुका आणि बहिरा मुलगा, आणि वेष्टनावरच्या नामावळीत अवतार मेहेरबाबा. नंतर नोव्हेंबर १९७० मध्ये टाउनशेंडने ‘रोलिंग स्टोन’ या अमेरिकन पत्रात आपल्या भक्तीवर लांबलचक लेखच लिहिला. रॉकवाल्यांच्या कट्ट्यावर हे म्हणजे भर तमाशात हरिपाठ सुरू करण्यासारखं होतं.

पुढच्या अल्बमसाठी त्याच्या डोक्यात एक अचाट योजना होती. नाव ‘लाइफहाउस’. माणसाची माहिती, म्हणजे जन्म, उंची, वजन, स्वभाव असं सगळं यंत्रात घालायचं आणि त्यातून त्या माणसाचं स्वतःचं संगीत बाहेर काढायचं. पहिलं नाव अर्थातच बाबांचं. योजना कुणालाच नीट समजली नाही, बँडमधल्या सोबत्यांनाही नाही. ती कोसळली आणि तिच्याबरोबर टाउनशेंडही जवळजवळ कोसळला. मोडक्या सामानातून ग्लिन जॉन्स या ध्वनितंत्रज्ञाच्या मदतीने नऊ गाणी उभी राहिली. १९७१ च्या ऑगस्टमधला हा अल्बम ‘हूज नेक्स्ट’, आणि त्यातलं पहिलं गाणं ‘बाबा ओ’रायली’. यातले बाबा म्हणजे आमचे अरणगावचे. रायली म्हणजे टेरी रायली, कॅलिफोर्नियाचा संगीतकार, जो दोन-चार सुरांची छोटी वळणं तासन्‌तास फिरवत ठेवायचा.

हे गाणं हेडफोन लावून ऐकावं. सुरुवातीला पांढरी चारवर एक बारीक, चकाकणारी थरथर सुरू होते. बहुतेक लोक तिला सिंथेसायझर समजतात. प्रत्यक्षात तो दिवाणखान्यात ठेवायचा लोरी कंपनीचा ऑर्गन आहे. त्याला एक कळ अशी होती की बोट नुसतं दाबून धरलं तरी ऑर्गन तो सूर पुन्हापुन्हा ठोकत राहायचा. टाउनशेंडने घरी बसून असं बरंच लांबलचक वाजवलं आणि त्यातला तुकडा कापून गाण्याखाली अंथरला. ती थरथर चांगली अर्धा-पाऊण मिनिट एकटीच चालते. मग पियानोचे तीन ठोके पडतात, पांढरी चार आणि तिच्या दोन शेजारणी, बस. संपूर्ण गाणं या तिघींवर उभं आहे. नंतर ड्रम, नंतर रॉजर डॉल्ट्रीचा खडा आवाज, सगळ्यात शेवटी गिटार. जो बँड गिटार फोडण्यासाठी प्रसिद्ध होता त्याच्या गाण्यात गिटार रांगेत शेवटची, हा बदल साधासुधा नव्हता.

टेरी रायलीने १९७० साली पंडित प्राणनाथांचं शिष्यत्व पत्करलं. प्राणनाथ किराणा घराण्याचे, अब्दुल वहीद खाँसाहेबांचे शागीर्द. म्हणजे अब्दुल करीम खाँ, सवाई गंधर्व आणि भीमसेन जोशी यांच्याच घराण्यातले. हे वाचून मराठी माणसाचे कान टवकारणार. पण टाउनशेंडला भुरळ घालणारी रायलीची तबकडी १९६९ ची, गंडा बांधण्याआधीची. तेव्हा ‘बाबा ओ’रायली’चं श्रेय किराण्याच्या खात्यावर ओढूनताणून टाकण्यात अर्थ नाही. इतकंच म्हणता येईल की एका सुराजवळ ठाण मांडून बसण्याची ओढ त्या दोघांनाही होती, आणि ती भागवायला एक दिल्लीच्या गुरूकडे गेला, दुसरा नगरच्या.

रंगमंचावर मात्र या नव्या आवाजाने पंचाईत केली. ऑर्गनची ती थरथर टेपवर वाजवायची म्हटल्यावर लय टेपच्या हातात गेली. कीथ मून हा ड्रमवाला म्हणजे उधळलेला घोडा. त्याला कानाला हेडफोन बांधून टेपच्या मागे धावावं लागलं. आपल्याकडे ढोलकीवाला गाणारणीच्या तोंडाकडे बघत असतो. तिने एखादा शब्द लांबवला की हा हात सैल सोडतो, तिने मान झटकली की तोडा टाकून समेवर येतो. टेप कुणाच्या तोंडाकडे बघत नाही. ‘द हू’च्या उत्तरकाळातल्या आवाजाचं सगळं तेज आणि सगळी अडचण मला या हेडफोनमध्ये दिसते. योगायोग असा की गाण्याला अखेर माणसात आणलं ते मूननेच. शेवटी व्हायोलिन हवं ही सूचना त्याची. ‘ईस्ट ऑफ ईडन’ या बँडच्या डेव्ह आर्बसने ते वाजवलं आणि सगळं यंत्रकाम बाजूला सारून गाणं एकदम गावच्या लग्नातल्या नाचासारखं चढत्या लयीत फिरायला लागतं. पुढे कार्यक्रमांत तो भाग डॉल्ट्री माउथ ऑर्गनवर वाजवायचा.

पुढच्या वर्षी, १९७२ साली, टाउनशेंडने स्वतःच्या नावाने ‘हू केम फर्स्ट’ हा अल्बम काढला. वेष्टनावर तो अंड्यांवर उभा आहे. आत ‘परवरदिगार’ आहे, मेहेरबाबांच्या प्रार्थनेला दिलेली चाल. हीच प्रार्थना आजही टेकडीवर रोज म्हटली जाते. जिम रीव्ह्जचं ते आवडतं गाणंही आहे. आणि एक गाणं रॉनी लेनचं, ‘इव्होल्यूशन’. आत्मा आधी दगड, मग धातू, झाड, किडा, मासा, पक्षी, जनावर असा फिरत फिरत माणसापर्यंत येतो, ही मेहेरबाबांच्या ‘गॉड स्पीक्स’ या १९५५ च्या ग्रंथातली मांडणी. चौऱ्याऐंशी लक्ष योनी कानावर पडत वाढलेल्या आपल्याला तिचं अप्रूप नाही. लंडनच्या पूर्व भागात ट्रक चालवणाऱ्याच्या घरात वाढलेल्या लेनला होतं, आणि त्याने ते चक्क हसतखेळत, गिटारीवर बोटं टिचकवत गायलं. भक्तिगीत म्हटलं की आपल्याकडे आवाजाला जी एक पवित्र सर्दी होते, तिचा इथे मागमूस नाही.

मला लेन जास्त आवडतो हे आत्ताच सांगून टाकतो. १९७३ साली ‘फेसेस’ ऐन भरात असताना तो बाहेर पडला. रॉड स्टुअर्टच्या मागे उभं राहून भरल्या स्टेडियममध्ये वाजवायचं सोडून तो इंग्लंड-वेल्सच्या सीमेवर मेंढ्या पाळायला गेला. नवा बँड उभा केला, ‘स्लिम चान्स’. त्यात मॅन्डोलिन, अकॉर्डियन, फिडल, बँजो अशी हातात मावणारी वाद्यं. एका कारव्हॅनमध्ये त्याने फिरतं ध्वनिमुद्रण घर थाटलं होतं. मोठमोठे बँड ते भाड्याने न्यायचे आणि तो स्वतः त्यात शेतातली गाणी भरायचा. १९७४ चा ‘एनीमोर फॉर एनीमोर’ असा शेतावर झालेला अल्बम आहे.

त्याच वर्षी त्याने एक खूळ काढलं. सर्कशीचा तंबू घ्यायचा, गाड्या आणि कारव्हॅन जोडायच्या, विदूषक, कसरतवाले आणि बँड असा सगळा कबिला करून गावोगाव खेळ लावत हिंडायचं. नाव ठेवलं ‘द पासिंग शो’. कलावंतांनी लोकांकडे जावं, लोकांनी शहरात का यावं, असा विचार. खेळ चालेना. गाड्या जुन्या, हवा लहरी, जाहिरात अपुरी. कर्ज करून लेन शेतावर परतला.

मी संगमनेरचा. हे वाचलं तेव्हा मला हसू आवरेना, कारण हा तर आमच्या गावचा धंदा. तुकाराम खेडकरांच्या तमाशाच्या फडात उभ्या राहिलेल्या आणि त्यांच्या पश्चात स्वतःचा फड चालवणाऱ्या कांताबाई सातारकर आयुष्यभर हेच करत आल्या. पुरुषांच्या भूमिका गाजवणाऱ्या या बाईने मे २०२१ मध्ये संगमनेरातच देह ठेवला. पुढे मुलगा रघुवीर खेडकर यांनी फड चालवला. दसऱ्याच्या सुमाराला फड बाहेर पडतो. कनाती, पडदे, पेट्या, जनरेटर, चूल, सगळं ट्रकवर. पाडव्याच्या आसपास नारायणगावात राहुट्या लागतात, गावकरी येऊन सुपाऱ्या देतात, बारीच्या तारखा ठरतात. लेन जिथे बुडाला तिथे आमची माणसं पिढ्यान्‌पिढ्या तगली. कारण साधं आहे. लेनकडे तंबू होता, जत्रा नव्हती. आपल्याकडे गावदेवतेने तारीख आधीच ठरवून ठेवलेली असते, माणसं त्या दिवशी जमणारच असतात, फडाने फक्त तिथे पोचायचं असतं. इंग्लंडच्या खेड्यांतल्या जत्रा बऱ्याच ठिकाणी कधीच्या मोडल्या होत्या. तंबू ठोकल्याने त्या परत उगवणार नव्हत्या.

आणि आवाजाचं म्हणाल तर तमाशाइतका बदललेला आवाज कुठला असेल? पूर्वी ढोलकी, हलगी, तुणतुणं आणि झांज. शेकोटीवर तापवून हलगीचं कातडं ताणायचं, मग ढोलकी-हलगीची जुगलबंदी, मग गण, गवळण. पुढे पेटी आली, क्लॅरिनेट आलं. आज फडाच्या बोर्डावर कीबोर्ड, ऑक्टोपॅड, ड्रमचा संच आणि भिंतीएवढे स्पीकर असतात. नव्या सिनेमातलं गाणं पडद्यावर येतं न येतं तोच ते फडात ऐकू येतं. लग्नाच्या वरातीत तर बुलबुलतरंगाला विजेची जोड देऊन आम्ही बँजो पार्टी नावाचा एक अख्खा प्रकार जन्माला घातला. १९६५ च्या जुलैत न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात बॉब डिलन विजेची गिटार घेऊन उभा राहिला तर श्रोत्यांतून हुर्यो उठली, लोकसंगीताचा घात झाला म्हणून. आमच्या वरातीत बँजोला वायर लागली तेव्हा नवरदेवाचे मित्र आणखी जोरात नाचले.

हा फरक स्वभावाचा नाही, तबकडीचा आहे असं मला वाटतं. अल्बम काढणारा बँड स्वतःविरुद्ध पुरावा ठेवून पुढे जातो. पाचवा अल्बम आला की पहिला काढून शेजारी लावायचा आणि म्हणायचं, बघा, आता यांच्यात राम राहिला नाही. फडाचा गेल्या साली जत्रेत झालेला गण कुठेच जपलेला नसतो, त्यामुळे यंदाच्या गणाला त्याच्यासमोर उभं करता येत नाही. जुनं कसं होतं हे फक्त म्हाताऱ्यांना आठवतं आणि म्हाताऱ्यांना तमाशाला सोडतंय कोण! अर्थात याची किंमतही फडांनी मोजली आहे. जुन्या सरदारांच्या, सुरत्यांच्या, ढोलकीवाल्यांच्या हातचं किती वाजणं हवेत विरलं त्याची मोजदाद नाही. लेनच्या बुडालेल्या खेळातली गाणी निदान ऐकता तरी येतात.

बाजारापायी बदललेला आवाज हलका आणि भक्तीपायी बदललेला भारी, असा एक समज असतो. मला तो पटत नाही. ऑक्टोपॅड आणणाऱ्या फडमालकावर पन्नास-शंभर पोटं अवलंबून असतात. त्याला देवळाच्या पायरीवरून नावं ठेवू नयेत. पण भक्तीने आवाज बदलतो तेव्हा काय होतं हे पाहायचं तर संगमनेरकरांपाशी त्याचाही जुना दाखला आहे. अनंत फंदी. १७४४ चा जन्म, आडनाव घोलप, ब्राह्मणाचा पोर, आणि फड तमाशाचा. पेशवाईच्या उतरत्या काळातला हा नामांकित शाहीर. खर्ड्याच्या लढाईवर त्याने पोवाडा रचला. ती लढाई मार्च १७९५ मधली, आमच्याच जामखेड तालुक्यातली. आख्यायिका अशी की अहिल्याबाई होळकरांनी त्याचं कवित्व ऐकून सत्कार केला आणि बजावलं, ब्राह्मणाने हे तमाशाचे चाळे सोडावेत, ही वाणी देवाकडे लावावी. फंदीने डफ-तुणतुणं खाली ठेवलं आणि कीर्तनाला उभा राहिला. शाळेच्या पुस्तकातून पोरांना पाठ झालेला तो उपदेशाचा फटका त्याचाच. तो आजही म्हणून बघा. कीर्तनकाराच्या तोंडी शाहिराचा ठेका आहे. उपदेश कसला, ढोलकीवर फेकलेली ललकारीच ती. माणूस बदलला, श्रोते बदलले, वाद्यं बदलली आणि हात तोच राहिला. अहिल्याबाईंचा जन्म जामखेडजवळच्या चौंडीचा. ज्या बाईने आमच्या शाहिराचा तमाशा सोडवला, तिचंच नाव २०२४ साली आमच्या जिल्ह्याला लागलं. फंदीने यावर फर्मास लावणी केली असती, पण तोवर त्याने ती सोडली होती.

टाउनशेंड आणि लेन यांचंही तेच. गुरूने त्यांना कसं वाजवा हे सांगितलं नाही, सांगणं शक्यही नव्हतं. मूळचा हात ज्याचा त्याचा होता. टाउनशेंड मुळात इमारती बांधणारा. त्याला बाबांचं नाव मिळालं तेव्हा त्याने आणखी उंच इमारत बांधली, यंत्रं लावून. लेन मुळात गुत्त्यात बसून चारचौघांत गाणारा. त्याने नाव घेतलं आणि चारचौघांपुरतं तेवढं ठेवून बाकीचं टाकून दिलं.

एकदा संध्याकाळच्या आरतीला मी टेकडीवर होतो. आरतीनंतर तिथे ज्याला म्हणायचं असेल तो गाणं म्हणतो. आधी नगरकडच्या बायकांनी एक भजन म्हटलं, पेटी आणि ढोलक घेऊन. मग पांढरी शेंडी बांधलेला एक परदेशी म्हातारा गिटार घेऊन पुढे सरकला आणि इंग्रजीत काहीतरी हळू आवाजात गाऊ लागला. पेटीवाल्या बाईंनी दोन-तीन पट्ट्या चाचपून त्याचा सूर पकडला आणि भाता अगदी अलगद हलवत तो धरून ठेवला. ढोलकवाला मोठा तयारीचा. एक आवर्तन तो नुसता म्हाताऱ्याच्या उजव्या हाताकडे बघत बसला. मग त्याने थाप मारलीच नाही. फक्त करंगळी आणि अनामिकेने कडेवर वाजवत राहिला. म्हाताऱ्याची लय मध्येच डगमगली तेव्हा हाही तेवढाच डगमगला आणि गाणं पडलं नाही. गाणं साधारणच होतं. पण ज्याला फोक-रॉक म्हणतात त्यात वाद्यांपेक्षा ही करंगळी महत्त्वाची, असं माझं मत तेव्हापासून पक्कं आहे.

ती करंगळी ज्या अल्बममध्ये मला सगळ्यात जास्त ऐकू येते तो १९७७ चा ‘रफ मिक्स’. लेन तेव्हा कफल्लक झाला होता. त्याने टाउनशेंडला गाठलं आणि म्हणाला, माझ्यासाठी एक अल्बम कर. अखेर दोघांच्या नावाने तो झाला, ध्वनिमुद्रण पुन्हा ग्लिन जॉन्सचं. दोघांनी मिळून गाणी लिहावीत असं लेनला वाटत होतं. टाउनशेंडने नकार दिला. त्यावरून दोघांत चांगलीच वाजली. म्हणून अल्बमवर काही गाणी याची, काही त्याची. तरी खोली एक असल्याचा गुण लागलाच. टाउनशेंडच्या ‘स्ट्रीट इन द सिटी’मध्ये ड्रम नाही, विजेची गिटार नाही. एक साधी गिटार आणि भोवती व्हायोलिन-चेलोंचा ताफा, तोही त्याचे सासरे एडविन ॲस्टली यांनी बांधून दिलेला. ‘द हू’च्या गडगडाटानंतर हे ऐकताना हा तोच का, असा प्रश्न पडतो. लेनचं ‘ॲनी’ तर आणखी साधं. अकॉर्डियन श्वास घेतल्यासारखं आतबाहेर होतं, फिडल मागून येतं आणि कुठेही पुढे घुसत नाही. ‘एप्रिल फूल’मध्ये एरिक क्लॅप्टन डोब्रो वाजवतो, जगातला नामांकित गिटारवाला, आणि तो लेनच्या आवाजाला कुठे धक्का लागू देत नाही. लेनचा जन्म १ एप्रिलचा, म्हणून गाण्याचं हे नाव.

याच सुमाराला लेनची बोटं आणि पाय त्याचं ऐकेनासे होऊ लागले होते. मल्टिपल स्क्लेरॉसिस, त्याच्या आईलाही हाच आजार होता. १९८३ साली लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये क्लॅप्टन, जेफ बेक, जिमी पेज असे दिग्गज त्याच्या शब्दाखातर एका व्यासपीठावर आले, या आजारावरच्या संशोधनासाठी निधी जमवायला. ४ जून १९९७ ला अमेरिकेत कोलोरॅडो राज्यात तो गेला. टाउनशेंडने १९७६ मध्ये लंडनच्या ट्विकनहॅम भागात मेहेरबाबांच्या नावाने केंद्र उभारलं होतं, ‘द हू’ तर आजही नावाजलेला आहे. जगाने कुणाला मोठं मानलं याचा हिशेब उघड आहे. ‘बाबा ओ’रायली’ अमेरिकेत टीव्हीवरच्या मालिकेपासून मैदानातल्या सामन्यापर्यंत वाजतं. ‘ॲनी’ शोधून ऐकावं लागतं.

शोधायचं असेल तर माझी एक सूचना आहे. ‘हूज नेक्स्ट’पासून सुरुवात करू नका, ते आपोआप कानावर येईल. आधी ‘रफ मिक्स’ ऐका, मग ‘एनीमोर फॉर एनीमोर’, आणि मग ‘इव्होल्यूशन’. दर ३१ जानेवारीला मेहेराबादला अमरतिथी असते. हजारो माणसं येतात, देशोदेशीच्या भाषांत गाणी होतात, दुपारी १२ ते १२.१५ सगळे गप्प बसतात. नगरहून दौंड रस्त्याने गेलात तर वीस मिनिटांत पोचाल. आणि येताना उशीर झालाच, तर जवळपासच्या एखाद्या गावात तमाशाचा फड उतरला आहे का तेवढी चौकशी करा. ऑक्टोपॅडला नावं ठेवत परत फिरू नका, पुढे बसा आणि ढोलकीवाल्याची नजर कुठे आहे ते बघा.